गस्तीत एक माणूस अडवला, ११२ लावला, आणि आता झोप लागत नाही

गोदाकाठ | रात्री १२.१०

बरेच दिवस लिहू का नको करत होतो, आज लिहितोच. कोणी रागावलं तरी चालेल पण खरं ते सांगा.

माझं गाव पैठण तालुक्यात. मी पुण्यात नोकरीला, आई एकटी मळ्यातल्या घरात. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून केवढी घबराट झाली होती आठवत असेल तुम्हाला. बीड, जालना, संभाजीनगर, सगळीकडं. ड्रोन आधी घरं हेरून जातात आन मग चोर येतात असं पसरलेलं. तेव्हा आमच्या गावात पहिल्यांदा गस्त सुरू झाली, आठ-आठ पोरांची टोळी, काठ्या आन बॅटऱ्या. मग ड्रोन थांबले, गस्तही थांबली. पण यंदा परत चोऱ्या सुरू झाल्यात आणि ह्या काही अफवा नाहीत. दोन वस्त्यांवरून शेळ्या गेल्या, एका विहिरीवरची मोटर आन केबल नेली, आणि एका म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं, कानाची पाळी फाटली तिची. म्हणून गस्त परत चालू. मी सुट्टीला गेलो की मी पण जातो, माझीच आई एकटी असते आणि दुसऱ्यांच्या पोरांनी जागायचं अन मी झोपायचं हे बरोबर नाही.

तर गेल्या महिन्यात रात्री साडेबाराच्या सुमारास कॅनॉलच्या रस्त्याला बंद पडलेली मोटरसायकल आणि तीन माणसं दिसली. तिशीतला एक जण, त्याची बायको, आणि त्याची म्हातारी आई. तीन गावं पलीकडं कांदा काढायला आले होते, हिशोब झाला म्हणून निघाले, गाडी बंद पडली. त्यानं आपणहून आधार कार्ड काढून दिलं. आमच्यातल्या एकानं बॅटरीच्या उजेडात आडनाव वाचलं आणि म्हणाला, पारधी आहेत. तोपर्यंत आम्ही "प्लगमध्ये पाणी गेलं का बघ" असं बोलत होतो, खरंच सांगतो, आणि त्या एका शब्दानंतर कोणी प्लगबद्दल बोललं नाही.

ग्रुपवर व्हॉईस नोट गेली, कॅनॉलवर तिघं सापडलेत, या. वीस मिनिटात साठ-सत्तर माणूस. पिशवी उलटी केली, त्यात साडेपाच हजार रुपये होते, कुठून आणले म्हणून विचारायला लागले. मजुरीचे म्हणाला. कोणीतरी ढकललं त्याला. मला रेनपाडा आठवलं, अफवेवरून लोकांनी पाच भिक्षेकरी मारले होते ते, आणि पोटात गोळा आला. मी बाजूला होऊन ११२ लावला.

म्हातारीनं ते बघितलं आणि माझा हात धरला. "पोलिस नको बाबा. तुम्ही चार जाणती माणसं बसा, काय विचारायचं ते हितंच विचारा. दोन मारायच्या तर मारा, पण पोलिस नको." सत्तर माणसं काठ्या घेऊन भोवती आणि ती घाबरतीय माझ्या फोनला. मला तेव्हा काही कळलंच नाही. मी म्हणालो, आजी तुमच्यासाठीच बोलावतोय.

गाडी यायला तास-सव्वातास लागला. तोवर मी, आमचा पोलिस पाटील आणि अजून दोघं त्यांच्याभोवती कडं करून उभे राहिलो, हात लावू दिला नाही कोणाला. गाडी आली, माणसाला घेऊन गेली, बायकांना तिथंच सोडलं. त्या दोघी आमच्या ओट्यावर सकाळपर्यंत बसून होत्या, आईनं चहा दिला, भाकरी दिली, म्हातारीनं भाकरी पदरात बांधून ठेवली, मुलगा आल्यावर खाईल म्हणून.

तो तिसऱ्या दिवशी दुपारी आला. तळपाय टेकत नव्हते. त्याच्याकडं काही सापडलं नाही, कुठल्या चोरीत नाव नाही, पण चॅप्टर केस केलीय आणि तहसीलला तारीख लागलीय. हे मी केलं. दुसरं काय करायला पाहिजे होतं मी?


उंबरठा | रात्री १२.५५

वाचून सुन्न झाले. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. अनोळखी बायकांना त्या रात्री ओट्यावर घेणं सोपं नव्हतं, शेजारी काय म्हणतील तेही बघावं लागतं एकट्या बाईला.


कापूसवाला | पहाटे ५.४०

मी जालना जिल्ह्यातला, शेतकरी आहे, स्पष्ट लिहितो. तुमचं चुकलं नाही. माझ्या वस्तीवर चार वर्षांपूर्वी रात्री पाच जण आले, वडिलांच्या डोक्यात लोखंडी पाईप घातला, आईचं गंठण नेलं. वडिलांना तेव्हापासून एका कानानं ऐकू येत नाही. पंचनाम्याला चौथ्या दिवशी आले साहेब, आणि आजपर्यंत गंठणाचा एक मणी परत आला नाही. तेव्हापासून मी ओट्यावर झोपतो उन्हाळा असो का थंडी, उशाला कुऱ्हाड. रात्री साडेबाराला अनोळखी माणूस दिसला तर विचारायचं नाही का मग? आणि विचारायचं तर कोणाला विचारायचं, पोलिस आपल्या वस्तीवर असतात का रात्री? माझी भीती कोणाला कधी दिसली नाही. कुणी एक ओळ लिहिली नाही माझ्या वडिलांवर.


गोदाकाठ | सकाळी ८.०५

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. अडवलं ते चुकलं असं मी पण म्हणत नाहीये. पुढं जे झालं त्यानं झोप उडालीय.


रानवाट | सकाळी १०.२०

मी तालुका कोर्टात वकिली करते. आधी कामाचं लिहिते, मग बाकीचं.

तो माणूस अजून सरकारी दवाखान्यात गेला नसेल तर आज घेऊन जा. तळपायाला मार आहे, उशीर झालाय, तरी डॉक्टरांना एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंद करायला सांगा. अटकेतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी करणं कायद्यानं बंधनकारक आहे, ती झाली होती का, कागद कुठंय, हे लेखी विचारा. दुसरं, त्याला नेलं रात्री दोनच्या आसपास आणि सोडलं तिसऱ्या दिवशी दुपारी. घटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणे २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. ठाण्याच्या डायरीत त्याच्या नावाची नोंद किती वाजता पडलीय ते बघा, माझा अनुभव असा की अशा वेळी नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळची असते, म्हणजे मधली रात्र कागदावर नसतेच. ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, लॉकअपपासून पॅसेजपर्यंत, आणि रेकॉर्डिंग जपून ठेवायचं असतं. ते फुटेज राखून ठेवा असा अर्ज एसपी ऑफिसला आजच द्या.

चॅप्टर केस म्हणजे काय ते अनेकांना माहीत नसतं. त्यात गुन्हा केलाय असं कोणी म्हणत नाही. हा माणूस गुन्हा करण्याच्या बेतानं लपतछपत होता असा संशय आहे, तर याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्या, एवढंच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०९, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२८. एक वर्षापर्यंतचा बाँड. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं, म्हणजे तहसीलदारापुढं चालतं. कागदावर साधं दिसतं, पण त्या माणसाचं नाव एकदा त्या रजिस्टरला लागलं की पुढच्या प्रत्येक चोरीला त्याच्या पालावर गाडी येते.

आणि कापूसवाला दादांना सांगते, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. सामान्य माणसाला पकडायचा अधिकार आहे कायद्यानं, जुनं ४३, आता ४०. पण कधी, तर त्याच्या डोळ्यासमोर अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा घडला तर, किंवा तो घोषित फरारी असला तर. आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. रस्त्यात उभा आहे, आडनाव अमुक आहे, यावरून कोणाला पकडता येत नाही, पिशवी तर अजिबात उघडता येत नाही. विचारपूस करा, गाडीचा नंबर लिहून घ्या, त्याच्या मुकादमाला फोन लावा. या केसमध्ये कांद्यावाल्या शेतकऱ्याला एक फोन केला असता तर पाच मिनिटात उलगडा होता.


गोदाकाठ | सकाळी १०.५०

मुकादमाचा नंबर तो देत होता. ओरडत होता खरं तर, हा नंबर घ्या म्हणून. कोणी घेतला नाही, मी पण नाही.


बक्कल_नंबर | दुपारी २.१५

मी ३४ वर्षं पोलिस खात्यात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. जिल्हा सांगत नाही.

सत्तर जणांच्यात तिघांना राखलंत हे छोटं काम नाही बाळांनो. मी जमाव बघितलाय. चारशे माणसं आणि आम्ही तिघं, हातात फायबरची काठी, आणि समोरचा प्रत्येक जण ओळखीचा असतो, दिवसा रामराम घालणारा, आणि त्या वेळी तो ओळख देत नाही. पालघरकडच्या गडचिंचलेला १६ एप्रिल २०२० ला काय झालं सगळ्यांनी बघितलं. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, पोलिस तिथं हजर होते, त्यांच्या समोरून ओढून मारलं. लोक म्हणतात पोलिसांनी काही केलं नाही. मी त्यांची बाजू घेत नाही, पण तीन-चार खाकीवाल्यांना शेकडो माणसांनी मानलं तरच ते पोलिस असतात, नाहीतर तीही चार माणसंच. हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

आता दुसरी बाजू पण मीच सांगतो, कारण आता मला कोणी बदली करेल ही भीती नाही. एका ठाण्याला चाळीस-पन्नास गावं असतात, रात्रीची एक गाडी, त्यात ड्रायव्हर धरून तीन माणसं. चोरी झाली की वरून रोज विचारणा, डिटेक्शन काय झालं, म्हणजे चोर सापडला का. माग नाही, सीसीटीव्ही नाही, ठसे घेतलेले नाहीत. मग रजिस्टर उघडायचं. रजिस्टरमध्ये कोण असतं? तीच नावं जी माझ्या आधीच्या हवालदारानं लिहिली, आणि त्याच्या आधीच्यानं. मी पण अशी माणसं आणलीत. मारलंय पण. ठाण्यातला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, कबुलीसाठी मारत नव्हतो, मुद्देमाल काढायला मारायचो, कारण दाखवून दिलेला मुद्देमाल चालतो. कधी कधी मुद्देमाल निघायचा. कधी माणूस मार चुकवायला कोणाच्या तरी सोनाराचं नाव घ्यायचा आणि तिसराच अडकायचा. एकजण आहे, त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो निर्दोष होता हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी चौथ्या दिवसापर्यंत गप्प राहिलो.

एक साधी गोष्ट. शेळ्या चोरायला पिकअप लागतो. विहिरीची मोटर उचलायला चार गडी आन गाडी लागते. बंद पडलेल्या मोटरसायकलवर बायको आणि आई घेऊन कोण जातं चोरीला? हे त्या रात्री आलेल्या शिपायाला पण दिसलं असणार.


पालावरची | संध्याकाळी ६.३०

मी पारधी समाजातली आहे. समाजकार्यात एमएसडब्ल्यू करतेय. धागा सकाळपासून तीनदा वाचला, लिहायला आत्ता बसले.

गोदाकाठ दादा, तुम्हाला त्या आजीचं बोलणं कळलं नाही म्हणालात, मी सांगते. आमच्या पालावर लांबून जीपचा आवाज आला की माणसं उसात पळायची. चोरी केली म्हणून नाही, जीप आली म्हणून. बाया-पोरं राहायची. माझी आजी आम्हा पोरांना सांगायची, मोठ्यानं रडा, लहान पोरं रडताना साहेब लवकर जातो. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. शाळेत गेल्यावर कळलं की इतर मुलं पोलिसाला बघून टाटा करतात. वर्गात कंपासपेटी हरवली की बाईंचा हात आधी माझ्या दप्तराकडं यायचा, पुढं पुढं मी स्वतःच दप्तर पालथं करून दाखवायला लागले.

हे आजचं नाहीये. इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला, गुन्हेगार जमाती म्हणून. जन्मानंच गुन्हेगार. पुढं तो मुंबई इलाख्यात पण आला. रोज हजेरी द्यायची, परवाना काढल्याशिवाय हद्द सोडायची नाही, सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे आम्हाला कोंडून ठेवायची वसाहत होती. स्वातंत्र्य १९४७ ला मिळालं, आमचं कुंपण ३१ ऑगस्ट १९५२ ला निघालं, पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण लगेच मागून सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आपल्याकडं १९५९ चा. कुंपणाची तार गेली, आणि ती वही राहिली जिच्याबद्दल बक्कल_नंबर काकांनी लिहिलं. काका, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मी आभार मानणार नाही, पण वाचलं मी ते पूर्ण.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातवार कामांबद्दल निकाल दिला, त्यात विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना सांगितलंय. मी तो निकाल मराठीत समजावून वाचून दाखवला पालावर. एक मामा म्हणाला, छान आहे, पण हा कागद रात्री दोन वाजता गाडीत कोण दाखवणार.

तर तुमचा प्रश्न. तुम्ही ११२ लावला ते चुकलं असं मी म्हणणार नाही. सत्तर काठ्या होत्या, मी तिथं असते तर कदाचित मीही लावला असता. पण गाडी निघाली तेव्हा तुम्ही त्या गाडीत बसला नाहीत. किंवा मोटरसायकल काढून मागं गेला नाहीत. तुम्हाला वाटलं आता सरकार आलं, आपलं काम झालं. आमच्या माणसाची रात्र तिथून सुरू होते. तुमच्यासारखा एक जण ठाण्याच्या बाकड्यावर सकाळपर्यंत नुसता बसला असता, काही न बोलता, तरी ते तळपाय शाबूत राहिले असते. तुम्ही बसायला सांगू शकता, तुम्हाला खुर्ची मिळते. आम्ही आत गेलो की आम्ही पण आतच.


बक्कल_नंबर | संध्याकाळी ७.१०

मुलगी बोलते ते शंभर टक्के खरं आहे. गावचा माणूस बाहेर बसलेला असला की ठाणे अंमलदार नोंद वेळेवर घेतो, चहा पण देतो आतल्याला. मी बघितलंय.


गोदाकाठ | रात्री ९.४५

ताई, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही. मी घरी गेलो होतो. झोपलो पण होतो.


डोंगरकडा | रात्री १०.३०

वर रेनपाड्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. रेनपाडा धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. मी तेव्हा त्याच तालुक्यात शिक्षक होतो, दुसऱ्या टोकाला.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. त्याआधी कित्येक दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते, माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया शाळा सुटायच्या आधी अर्धा तास येऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. ती भीती मी डोळ्यांनी बघितलीय, खोटी नव्हती, आई कशाला खोटं घाबरेल. फक्त जिची भीती वाटत होती ती टोळीच नव्हती. पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे बहुतेक, लोकांनी धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जीव जाईपर्यंत मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत हे मला आजही पचत नाही. जिथं जन्माचा दाखला मिळतो ती खोली.

आणि नंतर काय झालं ते कमी जणांना माहीत असतं. धरपकड सुरू झाली आणि गाव ओस पडलं. ज्यांनी मारलं ते पळाले, ज्यांनी नुसतं बघितलं ते पळाले, ज्यांचा काही संबंध नव्हता तेही पळाले, घराघराला कुलपं. ऐन पावसाळ्यात. म्हणजे जी भीती त्या पाच जणांनी मरताना पाहिली तीच नंतर गावानं जीपच्या आवाजात ऐकली. पालावरची ताईंनी उसात पळायचं लिहिलं तेव्हा मला तेच आठवलं.

त्याच महिन्यात १७ जुलैला सुप्रीम कोर्टानं झुंडबळीवर सविस्तर निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी वगैरे. चांगलेच आहेत. पण मला विचाराल तर रेनपाड्याला त्या दुपारी एका माणसाची गरज होती जो म्हणेल की थांबा रे, हे भिक्षा मागायला दरवर्षी येतात, मी ओळखतो यांना. डवरी गोसावी काय आपल्याला नवीन आहेत का, पिढ्यानपिढ्या दारावर येतात. आपण ओळख विसरलो.


मागवाला | रात्री ११.२०

भिवंडीहून. आमच्याकडं यंत्रमाग आहेत, वडिलांपासून. पोलिस आणि मोहल्ला यावर मला थोडं लिहायचंय कारण आमच्या गावानं दोन्ही टोकं बघितलीत.

१९७० ला दंगल, १९८४ ला परत दंगल, भिवंडी म्हटलं की लोक पाहुणे पाठवायचे नाहीत. १९८८ ला सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिटी काढल्या, सत्तरएक असतील. दोन्ही समाजाची माणसं, आणि पुढारी नाही, साधी माणसं, मागवाला, भाजीवाला, मास्तर, बायका पण. आणि पोलिसांच्या बाजूनं साहेब नाही तर बीटचा हवालदार-शिपाई. माझे वडील होते एका कमिटीत. काय करायचे म्हणाल तर नळाचं भांडण, गटाराचं भांडण, पोरांच्या क्रिकेटचं भांडण, कोणाच्या मुलीला कोणी छेडलं, मोठं व्हायच्या आत मिटवायचं. बाहेरच्या माणसाला वाटेल हे काय पोलिसाचं काम आहे. पण त्यातून शिपायाला गल्लीतली माणसं नावानं माहीत झाली आणि गल्लीला शिपाई नावानं माहीत झाला. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला तिकडं मुंबई जळत होती, नऊशे माणसं गेली, आणि भिवंडी शांत राहिली. भिवंडी! वडील सांगायचे की त्या रात्री अफवा आमच्याकडं पण आल्या होत्या, पण अफवा आली की लोक शिपायाकडं विचारायला जायचे आणि शिपाई लोकांकडं विचारायला यायचा.

मग हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धं सांगितल्यासारखं होईल. ५ जुलै २००६ ला इथंच, पोलिस ठाण्याच्या इमारतीच्या जागेवरून वाद पेटला, कबरस्तानाला लागून ती जागा होती. पोलिस गोळीबारात दोन माणसं गेली आणि त्याच रात्री जमावानं दोन शिपायांना मारलं. तेच शहर. माझे वडील तेव्हा होते, दोन दिवस जेवले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की साहेब बदलले, कमिट्या नावाला राहिल्या, बैठकीत पुढारी यायला लागले आणि बीटवाला यायचा बंद झाला. ते पूर्ण खरं की नाही मी सांगू शकत नाही, पण वडिलांना तसंच वाटत होतं शेवटपर्यंत.

म्हणून गोदाकाठ भाऊ, तुमच्या गावात गस्त आहे, पण गस्तीत पोलिस आहे का? आणि तुमच्या शिवारात कामाला येणारी ही जी माणसं आहेत त्यांच्यातला कोणी आहे का?


कापूसवाला | दुसऱ्या दिवशी पहाटे ५.१५

सगळं वाचलं. पालावरची ताईचं दोनदा वाचलं. माझी भीती गेली असं नाही, कुऱ्हाड उशाला आहेच. पण एक गोष्ट खरी लिहितो. माझ्या वडिलांना मारणारे पाच जण कोण होते मला आजपर्यंत माहीत नाही. पोलिसांनी तेव्हा दोन पारधी पोरं आणून माझ्यासमोर उभी केली होती, ओळखा म्हणाले. तोंड बांधलेली होती चोरांची, कसं ओळखणार. मी म्हणालो असतील. 'असतील' म्हणालो मी. त्यांचं पुढं काय झालं मी विचारलं नाही कधी.

आमच्याकडं ती टोल फ्रीवाली ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एक फोन केला की सगळ्या गावाला एकदम आवाज जातो. लई उपयोगी आहे, आग लागली, बिबट्या आला, सगळ्याला. पण त्यावर सांगताना नाव-आडनाव, जात घ्यायची नाही, फक्त काय दिसलं आन कुठं दिसलं तेवढंच सांगायचं, असं पुढच्या ग्रामसभेत मी मांडणार आहे. बघू कोण ऐकतं.


पालावरची | सकाळी ७.४०

दादा, त्या दोन पोरांचा गुन्हा नंबर तुमच्या एफआयआरवर असेल. मला मेसेज करा. वर्ष आणि पोलिस ठाणं एवढं पुरे. चार वर्षं म्हणजे ते अजून तारखांना जात असतील.


कापूसवाला | सकाळी ७.५५

करतो. कपाटात आहे कागद.


रानवाट | सकाळी ११.००

कापूसवाला दादा, केस चालू असेल तर फिर्यादी म्हणून तुम्ही कोर्टात खरं ते सांगू शकता, की मी ओळखलेलं नाही. तुम्हाला त्यात काही धोका नाही. घाबरू नका, लागलं तर मला विचारा.

गोदाकाठ, तहसीलची तारीख कधी आहे?


गोदाकाठ | नऊ दिवसांनी, रात्री ८.३०

उशीर झाला लिहायला. तारीख काल होती. मी रजा टाकून गेलो, आमचे पोलिस पाटील पण आले, त्यांनी लेखी दिलं की त्या रात्री हा माणूस रस्त्यावर गाडी बंद पडल्यामुळं उभा होता, लपत नव्हता, आपणहून आधार दिलं. कांद्याचा शेतकरी यायला तयार नव्हता, दोनदा त्याच्या घरी गेलो, शेवटी आला आणि मजुरीचा हिशोब वहीसकट दाखवला. साडेपाच हजारच लिहिलेत. तहसीलदारांनी ऐकून घेतलं, पण निकाल नाही लागला, पुढची तारीख दिलीय आणि तोपर्यंत जामीनदार द्या म्हणाले. त्याच्याकडं ना जमीन ना सातबारा असलेला कोणी. मी आईला फोन केला. ती म्हणाली, माझा लाव. दुपारी ती एसटीनं तालुक्याला आली सातबारा घेऊन, अंगठा-सही केली.

दवाखान्याचा कागद केला, रानवाट ताईंनी सांगितल्याप्रमाणं. डॉक्टरांनी नोंद केलीय पण जुना मार असं लिहिलंय. एसपी ऑफिसचा अर्ज पोच घेऊन दिला.

म्हातारी आली होती. माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलली, दोघी झाडाखाली बसून होत्या बराच वेळ. निघताना तिनं मुलाला सांगितलं माझा नंबर घ्यायला. त्यानं घेतला, आणि मला मिस्ड कॉल दिला, म्हणाला रात्री कधी लावला तर उचलाल ना. मी उचलेन म्हणालो. फोन आता सायलेंटवर ठेवत नाही.

गस्तीच्या पोरांची रविवारी मारुतीच्या पारावर बैठक ठेवलीय. बीट हवालदारांना बोलावलंय, येतो म्हणालेत. कांदा काढणीच्या तीन मुकादमांना पण बोलावलंय, त्यातले दोन येणार नाहीत म्हणाले, एक बघतो म्हणाला.


पालावरची | रात्री ९.०५

पुढची तारीख कधी आहे ते इथं टाका. मी येते.


गोदाकाठ | रात्री ९.१०

२२ ला, सकाळी अकरा. तहसीलच्या मागच्या बाजूची खोली. एसटी स्टँडवर मी घ्यायला येतो.